नाव नसलेला पिचर

सप्टेंबर लागला की मेलबर्नमध्ये एका जागी बसवत नाही. सकाळी उत्तरेकडून कोरडा, गरम वारा सुटतो. दुपारी तो अचानक पडतो आणि दक्षिणेकडून दुसराच, समुद्रावरचा बोचरा वारा येतो. स्वेटर घालून निघालेली माणसं दुपारी तो कमरेला बांधतात आणि संध्याकाळी पुन्हा अंगात चढवतात. मॅगपाय पक्ष्यांची घरटी भरलेली असतात, म्हणून ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर झेपावतात, आणि सायकलवाले हेल्मेटवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या खोचून साळिंदरासारखे हिंडतात. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक मैदान आहे. तिथे फुटीचा, म्हणजे इथल्या लंबगोल चेंडूच्या फुटबॉलचा मोसम संपत आलेला असतो आणि सॉफ्टबॉलचा अजून सुरू झालेला नसतो. क्लबचा माणूस चुन्याची गाडी ढकलत नव्या रेघा मारतो, पण जुन्या रेघाही गवतात तशाच असतात. काही दिवस तरी त्या मैदानावर कुठला खेळ चालतो ते सांगता येत नाही.

याच दिवसांत पितृपक्ष येतो. तिकडे तो भाद्रपदात येतो, पाऊस सरता सरता, भोपळ्याचे वेल कुंपणावर चढलेले असताना. इथे तो वसंतात येतो. रस्त्याकडेच्या प्लमच्या झाडांवर पान नसताना फुलं येतात, हवेत पराग इतके की अर्धं शहर शिंकत असतं. पितरांना बोलावण्याची ही वेळ आहे असं इथल्या झाडांकडे बघून तरी कुणी म्हणणार नाही.

वैजूला, माझ्या बायकोला, जाऊन दीड वर्ष होऊन गेलं. मी इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांच्या नोंदी करतो. दिवसभर बसून करायचं काम आहे आणि ते मी आयुष्यभर बसून केलं. आता घरी आलो की बसता येत नाही. चहा करतो आणि कप घेऊन या खोलीतून त्या खोलीत जातो. कप कुठेतरी ठेवतो. दुसरा चहा करतो. या फेऱ्यांमध्ये माझी पावलं एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा थबकतात. जेवणघरात भिंतीलगत जे लांब, बुटकं कपाट आहे त्यावर एक जाड तपकिरी कागद ठेवलेला आहे. जुन्या अल्बमचं सुटं पान. त्यात ओळीने चौकोनी भोकं कापलेली आहेत, पूर्वी तिथे बेसबॉलची कार्डं चिकटवलेली होती. कोपऱ्यात एकच कार्ड अजून चिकटलेलं आहे.

कार्डावर एक पिचर आहे, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा. गेल्या शतकातला, कृष्णवर्णीय. त्याचं नाव कार्डाच्या पाठीवर असणार, आणि पाठ कागदाला चिकटलेली. नाव वाचायचं तर कार्ड पाण्यात भिजवून सोडवावं लागेल. भिजवलं तर त्याचा चेहरा राहील याची खात्री नाही. वैजूला त्याचं नाव हवं होतं. मला काय हवं आहे ते मला ठरवता येत नव्हतं.

*

वैजू जळगावची. कॉलेजात ती सॉफ्टबॉलची पिचर होती. आपल्याकडे हा खेळ खेळतात हे पुष्कळांना माहीत नसतं, पण जळगाव-अमरावतीच्या मुली तो जीव तोडून खेळतात. तिचा हात खालून, कमरेजवळून फिरायचा आणि चेंडू केव्हा सुटला ते कळायचं नाही. इथे आल्यावर पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागण्याआधी तिने सॉफ्टबॉलचा क्लब शोधून काढला. बँकेत खातं त्यानंतर उघडलं.

कार्डांचं वेड एका रविवारच्या बाजारात लागलं. लोक गाडीची डिकी उघडून घरातलं जुनं सामान मांडतात तसला बाजार. गंजलेल्या किल्ल्या, चहाचे कप, कुणाच्या तरी आजोबांचे बिल्ले. मी पुस्तकांच्या खोक्यात डोकं घालून होतो.

"श्री, इकडे ये. पाय बघ याचा."

तिच्या हातात काडेपेटीपेक्षा थोडं मोठं कार्ड होतं. त्यावरच्या माणसाने डावा पाय छातीपर्यंत उचललेला आणि चेंडूचा हात पाठीमागे लपवलेला. आता पडेल असं वाटावं, पण पडत नव्हता.

"इतका वर पाय घेऊन हा उभा कसा राहतो रे?"

त्या आठवड्यात तिने त्याच्याबद्दल जे मिळेल ते वाचलं. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये त्याच्यासारख्या कृष्णवर्णीयांना खेळू देत नसत, म्हणून त्यांच्या वेगळ्या लीग होत्या. कार्ड छापणाऱ्या कंपन्या त्यांची कार्डं काढत नसत. पण हिवाळ्यात ही माणसं खाली, कॅरिबियन बेटांवर खेळायला जात आणि तिथली मुलं त्यांच्यावर जीव टाकत. तिथे त्यांची कार्डं निघाली. मुलांनी ती खळीने अल्बममध्ये डकवली. म्हणून आज जी मिळतात त्यांच्या पाठी फाटलेल्या असतात, कागदाचे तुकडे चिकटलेले असतात, आणि खरे संग्राहक नाक मुरडतात. वैजूला तशीच आवडायची. "कोणीतरी रोज उघडून बघितलेली आहेत," ती म्हणायची.

त्या माणसांबद्दल ती बोलायची ते नात्यातल्या लोकांबद्दल बोलावं तसं. "हा ना, भयंकर बढाया मारायचा. पण करून दाखवायचा." "याला हॉटेलात घ्यायचे नाहीत, बसमध्ये झोपून दुसऱ्या दिवशी खेळायचा. माझी एक रात्र झोप नाही झाली तर मी काय करते?" "लोकांना चावतेस," मी म्हणायचो. आमच्याकडे जेवायला आलेल्या पाहुण्यांना ती कार्डं दाखवायची आणि पुण्या-मुंबईचे डॉक्टर-इंजिनिअर लोक सभ्यपणे बघायचे. एकाने विचारलं, "पण वैजयंती, क्रिकेटचं नाही का काही?" तो पुन्हा आला तेव्हा तिने त्याला मुद्दाम दुप्पट कार्डं दाखवली.

ती काळी होती. सावळी म्हटलेलं तिला खपायचं नाही. "सावळी म्हणजे काळीला दिलेला डिस्काउंट," असं म्हणायची. लग्नाचं बघायला लागल्यावर माईंनी, तिच्या आईने, तिला जळगावच्या चांगल्या स्टुडिओत नेलं होतं. फोटोवाल्याने बारीक ब्रशने काम केलं आणि फोटोतली मुलगी दुधात बुडवून काढल्यासारखी झाली. तोच फोटो आमच्या घरी आला. मी भेटायला गेलो तेव्हा दार तिनेच उघडलं. माझ्या चेहऱ्यावरचा गोंधळ बघून म्हणाली, "फोटोतली आत आहे. बोलावू का?"

पुढचं सगळं त्या एका वाक्यावरून ठरलं.

*

दोन वर्षांपूर्वीचा वसंत हा तिचा शेवटचा. तेव्हा ते आम्हाला माहीत होतं आणि नव्हतं. केमोच्या औषधाने हातापायांची बोटं बधिर झाली होती, चेंडूवर पकड बसत नव्हती. शनिवारी मैदानावर जायची, पण खुर्चीवर बसून. घरी आली की अस्वस्थ. सोफ्यावरून उठायची, पुन्हा बसायची, टीव्ही लावायची, बंद करायची. मग कुठल्याशा दूरच्या विक्रेत्याकडून तिने ते अल्बमचं अख्खं पान मागवलं आणि रविवारचा उद्योग ठरला.

काम सोपं होतं, फक्त वेळखाऊ. माईंनी लग्नात दिलेली मोठी स्टीलची परात टेबलावर यायची. तिच्यात कोमट पाणी, बोट घातलं तर गरम वाटू नये इतकंच. कागदातून एका कार्डापुरता चौकोन कापायचा, कार्ड वर येईल असा पाण्यावर सोडायचा, आणि थांबायचं. खळ फुगते, कागद जड होतो. लॅबमधल्या सवयीने तिच्या हातात चिमटा तयार असायचा, पण ती तो वापरायची नाही.

"ओढायचं नाही," ती मला दर वेळी सांगायची, मी काही करत नसलो तरी.

"मी कुठे ओढतोय?"

"तुझे डोळे ओढतायत."

कधीतरी कागद आपोआप खाली बसायचा आणि कार्ड वर तरंगायचं. मग ती ते उलटं करून टीपकागदावर ठेवायची आणि आम्ही दोघं वाकून मागचं नाव वाचायचो. ती मोठ्याने वाचायची, आडनावासकट, वर्गात हजेरी घ्यावी तसं. माझं काम कार्ड वाळत घालून शब्दकोशाखाली दाबायचं. दिवसभर घरात वारा आपटत असायचा, खिडक्या धडधडायच्या, आणि आम्ही दोघं परातीपाशी बसलेलो. त्या मोसमातली आमची सगळी स्वस्थता त्या परातीएवढीच होती.

कोपऱ्यातलं कार्ड तिने शेवटी ठेवलं. ते बाकीच्यांसारखं नव्हतं. कडा कात्रीने कापलेल्या, जरा वाकड्या. बाकी सगळी काळी-पांढरी आणि हे रंगवलेलं. कुणीतरी, बहुतेक अल्बम ज्याचा होता त्याच मुलाने, रंगाच्या पेटीतून रंग घेऊन माणूस रंगवला होता. टोपी निळी, तीही रेघेबाहेर गेलेली. चेहरा आणि हात गुलाबी. रंग इतका जाड की नाक-डोळ्यांच्या जागी फक्त काळे ठिपके दिसत होते. पाय मात्र आडवा-तिडवा उचललेला, त्यावरून तो कुणीतरी मोठा असणार असं वैजूचं मत.

"याचाही फोटो जळगावच्या स्टुडिओत काढलेला दिसतोय," ती म्हणाली आणि खूप हसली. मग पान उजेडाकडे धरलं. "रंग पाण्यात जाईल. खाली चेहरा उरला नाही तर?"

"मग नको भिजवू. नाव मी शोधतो. कपड्यांवरून संघ कळेल, संघावरून..."

"नाही. तू शोधलंस तर तुला सापडेल, मला माहितीय. पण मग तो तुझा होईल. मला तो त्याच्या पाठीवरून वाचायचाय."

पुढच्या रविवारी बघू म्हणाली. पुढच्या रविवारी ताप होता. मग डिसेंबर आला, दवाखाना आला, आणि फेब्रुवारीत ती गेली. पान भिंतीलगतच्या कपाटावर राहिलं.

*

तिच्या संघाची कॅचर ब्रॉन. साठीकडे झुकलेली, शाळेत गणित शिकवते, गुडघे कामातून गेलेले. पिचरने कसला चेंडू टाकायचा ते कॅचर समोर उकिडवी बसून बोटांनी खुणा करून सांगते. पिचरला पटलं तर ती मान हलवते, नाही पटलं तर नकार देते आणि कॅचर दुसरी खूण करते. ब्रॉन सांगायची की सुरुवातीची कित्येक वर्षं वैजूने तिची पहिली खूण एकदाही मानली नाही. "मला हवा असलेला चेंडू मी दुसऱ्या खुणेत सांगायला लागले. मग तिने पहिली मानायला सुरुवात केली. मेट, तुझी बायको माणूस नव्हती, छळ होता." हे तिने वैजूच्या अंत्यसंस्कारानंतर सगळ्यांसमोर सांगितलं आणि लोक हसले. रडायला त्यांना त्यानंतर जमलं.

*

यंदा जुलैअखेर माई आल्या. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या, खांद्याला पिशवी अडकवून. पिशवीत मेतकूट, कळण्याचं पीठ आणि वैजूच्या शाळेतल्या सॉफ्टबॉलच्या ढाली. "घरात ठेवून काय करू, तिकडे कोण ओळखतं?" म्हणाल्या. आम्हाला मूलबाळ नाही. त्या ढाली इथेही कोण ओळखणार होतं? पण मी त्या भिंतीवर लावल्या.

पितृपक्ष सुरू झाला तसा माझा परातीचा खेळही सुरू झाला. परातीत कोमट पाणी घ्यायचं, पान जवळ आणायचं, कात्री हातात घ्यायची. मग पाणी गार व्हायचं. ते मी कुंडीत ओतून द्यायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. माई काही दिवस बघत राहिल्या. त्यांना वाटलं असावं, हा इथला काही विधी आहे.

"नवमीला सवाष्ण सांगितली का?" त्यांनी विचारलं.

अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची तिथी. त्या दिवशी एका सवाष्णीला जेवायला बोलावतात, कुंकू लावतात, ओटी भरतात. माईंनीच मला सांगितलं की ही तिथी नवरा जिवंत असेपर्यंतच करायची असते. म्हणजे हा दिवस वैजूचा असला तरी माझ्या श्वासावर चालतो. मी गेलो की तोही बंद. हे कळल्यापासून मला आणखीनच बसवेना.

"ब्रॉनला बोलावू का? तिची मैत्रीण."

"ती गोरी? नवरा आहे ना तिला?"

"आहे. दुसरा."

"आणि पहिला?"

"तोही आहे. सिडनीला असतो."

माईंनी क्षणभर हिशेब केला. "मग चांगलंच की. बोलवा."

*

नवमीच्या सकाळी माईंना कणीक मळायला परात हवी होती आणि परातीत माझं पाणी होतं.

"श्रीधरराव, एक तर ते काम उरका, नाहीतर परात द्या."

"दुपारी करतो, माई."

"तुमची दुपार मला माहीत झालीय आता." त्यांनी दुसरं भांडं घेतलं आणि त्यात कणीक कोंबत, भांड्याला नावं ठेवत मळायला लागल्या.

ब्रॉन वेळेवर आली. साडी नेसायचा तिचा बेत होता, पण यूट्यूबवरच्या बाईचा वेग जास्त पडला म्हणून फुलाफुलांचा ड्रेस घालून आली. हातात मोठा डबा. "वैजूची फेव्हरेट. पॅव." पॅव म्हणजे पाव्हलोवा, वरून कडक, आतून मऊ, भरपूर क्रीम आणि किवी. मी दारातच थिजलो. ती आख्खी अंड्याच्या पांढऱ्याची असते. मी माईंना हळूच सांगितलं.

"अंडं?" माई म्हणाल्या. केळीच्या पानावर खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी वाढून झाली होती. त्या पानाकडे बघत उभ्या राहिल्या. "तिला आवडायचं का पण?"

"फार."

"मग वाढा. तिच्या पानावर वाढा. आपलं आपण बघू."

माईंनी ब्रॉनला पाटावर बसवलं. खाली बसायला तिला गुडघे देईनात. ती कॅचरसारखी उकिडवी झाली आणि तिथून धपकन बसली. कुंकू लावताना तिने डोळे घट्ट मिटले. ओटीत तांदूळ, नारळ आणि हिरवा ब्लाऊजपीस पडला तेव्हा तिने मला विचारलं, "याचं मी काय करू?"

"काय म्हणते?" माईंनी विचारलं.

"कापडाचं काय करू म्हणते."

"तिला म्हणावं, काहीही कर. टाकू नको म्हणजे झालं."

"नो वरीज," ब्रॉन म्हणाली. हे माईंना भाषांतराशिवाय कळलं.

आणि मग ब्रॉनचं लक्ष परातीकडे गेलं. मी तिला सांगितलं. रंग, चेहरा, नाव, सगळं. मी किती वेळा पाणी ओतून दिलं तेही. तिने अल्बमचं पान हातात घेतलं. मला वाटलं ती आता काहीतरी समजूतदार बोलेल. इथले लोक अशा वेळी तुझी तयारी होईल तेव्हा कर असं म्हणतात.

"यू'ल नेव्हर बी रेडी, मेट," ब्रॉन म्हणाली. "पाणी गरम कर."

मी कात्रीने चौकोन कापला. पाण्यावर ठेवला. माईंनी पुऱ्या वाढायला घेतल्या, आणि आम्ही तिघं जेवायला बसलो, परात मागे ठेवून.

ते जेवण मला घासाघासाने आठवतं आणि चव एकाचीही आठवत नाही. ब्रॉन खीर दुसऱ्यांदा मागत होती, माई खूश होऊन तिसऱ्यांदा वाढत होत्या. माझे कान मागे होते, जणू कागद सुटताना आवाज होणार होता. दोनदा उठलो. दोन्ही वेळा माई म्हणाल्या, "जेवताना उठू नये." बाहेर वारा फिरला, गरम होता तो एकदम गार झाला आणि मागचं दार आपटलं.

हात धुऊन गेलो तेव्हा परातीतलं पाणी गुलाबी झालं होतं. सरबतासारखं, त्यात एक निळी रेघ फिरत होती. "गेला," मी म्हणालो. मराठीत म्हणालो बहुतेक, पण ब्रॉन लगबगीने आली.

कागद तळाशी बसला होता. कार्ड वर तरंगत होतं. गुलाबी रंग त्याच्यावरून निघून गेला होता, आणि खाली, बारीक काळ्या ठिपक्यांत छापलेला, एक माणूस होता. तरुण. रुंद नाक, एक भुवई जरा वर, ओठ घट्ट मिटलेले. काळा. रंगवणाऱ्या मुलाने झाकलेलं सगळं जिथल्या तिथे होतं.

माई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"रंग गेला, माई."

"वरचा होता तो." त्या परातीवर वाकल्या. "चांगला दिसतो की हा. कशाला लावला होता?"

ब्रॉनला कळलं नव्हतं आणि मी माईंकडे बघितलं नाही.

मग मी कार्ड उलटं केलं. दोन्ही हातांनी केलं. पाठ अखंड होती. एकही अक्षर फाटलेलं नव्हतं. स्पॅनिशमधल्या चार ओळी, खाली एक चित्र. ब्रॉनने फोन धरून भाषांतर केलं आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला.

"काय लिहिलंय?" माईंनी विचारलं.

"साबणाची जाहिरात आहे. कपड्यांचा आणि भांड्यांचा."

"आणि त्याचं नाव?"

"नाही."

ते कार्ड नव्हतंच. साबणाच्या जाहिरातीच्या जाड पत्रकावरचं चित्र त्या मुलाने कापून घेतलं होतं, इतरांच्या शेजारी डकवलं होतं, आणि आपल्या आवडत्या माणसाला रंगही लावला होता. त्याला नाव लिहायची गरज वाटली नसेल. त्याला ते माहीत होतं.

वैजू इतके दिवस ज्या पाठीसाठी थांबली, त्या पाठीवर साबण होता. मला हसू आलं आणि ते पुरतं बाहेर येईना. ब्रॉन मात्र अजून कार्डाच्या पुढच्या बाजूवर वाकली होती. "बोटं बघ," ती म्हणाली. रंगाखाली हात म्हणजे नुसता गुलाबी गोळा होता. आता चेंडूवरची बोटं वेगळी दिसत होती, नखांनी धरल्यासारखी. "हा सरळ टाकणार नाहीये. आणि डोळे बघ. समोर कॅचर आहे, त्याने खूण केलीय आणि याला ती पटलेली नाही." तिने नाक ओढलं, ओटीतल्या ब्लाऊजपीसला नाक पुसलं, आणि घाबरून माईंकडे बघितलं. माईंनी हातानेच सांगितलं, चालेल.

*

आता शोधायला मला कुणाची आडकाठी नाही. पाठ वाचून झाली. जेवणाच्या सुट्टीत मी ग्रंथालयात जुन्या स्पॅनिश वर्तमानपत्रांची स्कॅन केलेली पानं उघडतो. मला स्पॅनिश येत नाही. मी टोप्या बघतो, भुवया बघतो, उचललेले पाय बघतो. तिकडे साबण विकणाऱ्या कंपन्या पुष्कळ होत्या आणि पिचरही. एक-दोघांपाशी थांबलो, मग भुवई जुळली नाही. काम करताना मी कधी उठायचो नाही. आता उठतो, खिडकीपाशी जातो, परत येतो. शेजारच्या टेबलावरची मुलगी विचारते, "यू ओके, श्री?" मी हो म्हणतो. ते खोटं नसतं, पण पुरतं खरंही नसतं. तो मला सापडेल असं वैजू म्हणाली होती. सापडला तर ती काय म्हणाली असती त्याचा मी अंदाज करत बसतो. बसतो कसला, फिरतो.

सर्वपित्री अमावास्या आठवड्याच्या मधल्या दिवशी आली. आमचे गुरुजी एरवी सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतात. कामावर जाण्याआधी ते व्हिडिओवर तर्पण सांगतात. पडद्यावर उपरणं दिसत होतं आणि उपरण्याखाली ऑफिसचा शर्ट. मी दक्षिणेकडे तोंड करून बसलो, पुढ्यात ताम्हण, शेजारी तीळ. वडील झाले, आजोबा झाले, आई, आजी. वैजयंतीचं नाव घेताना गुरुजींनी वेग कमी केला, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. माई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"आणखी कोणी, श्रीधरजी? आज सगळ्यांचं असतं. मित्र, शिक्षक, शेजारी, ज्यांचं करणारं कोणी नाही, कोणीही चालतं."

"एक आहेत."

"नाव सांगा."

"माहीत नाही. अजून."

"गोत्र?"

"तेही नाही."

"मग काश्यप म्हणू." त्यांनी घड्याळाकडे एक नजर टाकली, त्यांची ट्रेन असणार. "आणि नातं काय सांगू?"

ओंजळीत पाणी होतं आणि ते बोटांच्या फटींतून गळत होतं.

"पत्नीच्या ओळखीचे," मी म्हणालो.

"चालेल," गुरुजी म्हणाले. "सोडा पाणी."